भयाचें गणित

विद्यार्थिमित्रहो, गणिताचा व्यवहारांत उपयोग काय, असें तुम्ही मजला नेहमी विचारतां. पुढील उदाहरण पाहा, आणि घरीं वडील मंडळींसही वाचून दाखवा.

स्पेन देशांत २००४ सालीं स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध कायदा झाला, व २००७ सालीं तेथील गृहखात्यानें 'व्हिओजेन' नांवाची संगणकव्यवस्था सुरू केली. नवऱ्याचा मार खाऊन एखादी स्त्री पोलीस ठाण्यावर आली म्हणजे अंमलदार तिला ठराविक प्रश्न विचारतो. २०१९ च्या प्रश्नावलींत ते ३५ होते. शस्त्र उगारलें काय? जिवें मारण्याची धमकी दिली काय? उत्तरांवरून यंत्र पुन्हां मारहाण होण्याचा संभव मोजतें, व त्या मानानें तिला संरक्षण मिळतें. हें यंत्र आपण होऊन शिकत नाहीं; तें मागील प्रकरणांवरून बांधलेलें सूत्र आहे. कृत्रिम बुद्धीचें थोरलें भावंडच म्हणा ना!

परंतु घाबरलेली बाई लाजेनें किंवा मुलांच्या काळजीनें "नाहीं" म्हणाली, तर यंत्र तें "नाहीं"च धरतें. तिचा कांपणारा हात त्यास दिसत नाहीं. 'धोका अल्प' असा निकाल मिळालेल्या कित्येक स्त्रिया पुढें प्राणास मुकल्या. अंमलदारास निकालाची पायरी वाढविण्याची मुभा होती, उतरविण्याची नव्हती. तरी बहुधा यंत्राचा निकालच जसाच्या तसा कायम होई. आयत्या उत्तरावर विसंबणें किती सोपें, हें गाइडांतून उतारे काढणारे माझे विद्यार्थी जाणतात! २०२५ सालच्या सुधारलेल्या व्यवस्थेंत 'धोका नाहीं' ही पायरीच काढून टाकण्यांत आली.