दहा टप्पे, नऊ सांधे

तुमच्या घरात नववी-दहावीत शिकणारे कोणी असेल, तर एखाद्या दिवशी ते सांगेल, "भौतिकशास्त्राचा गटप्रकल्प आहे. साखळी यंत्र बनवायचंय." म्हणजे काय? गोटी उतारावरून घरंगळते, सोंगट्यांची रांग पाडते, शेवटची सोंगटी तरफेवर पडते, तरफ दोरा ओढते आणि घंटा वाजते. घंटा हाताने वाजवली असती तर क्षणभराचे काम. मग एवढा खटाटोप कशासाठी? यावर आज आपण थोडा विचार करू.

अशा यंत्रांना अमेरिकेतील व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) यांचे नाव मिळाले आहे. ते स्वतः इंजिनिअरिंग शिकलेले होते. साधे काम अतिशय अवघड रीतीने करणारी यंत्रे ते चित्रांत रंगवत. जेवणाऱ्याचे तोंड पुसण्यासाठी पोपटाला बिस्किटामागे उडी मारायला लावणारे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. पुढे पर्ड्यू विद्यापीठात १९४९ पासून विद्यार्थी अशी यंत्रे खरोखर बनवून स्पर्धेत उतरवू लागले. चित्रातले यंत्र कधीच अडत नाही. टेबलावरचे अडते. शिकणे तिथून सुरू होते.

शक्ती कुठून येते?

आपल्याला वाटते, पहिल्या गोटीचा धक्काच शेवटपर्यंत पोहोचतो. तसे होत नाही. घर्षण आणि आवाज यांत तो थोड्याच अंतरात संपून जाईल. प्रत्येक टप्प्याजवळ स्वतःची साठवलेली ऊर्जा असते. सोंगटी उभी करताना, वजन टांगताना, रबर ताणताना ती आपणच आपल्या हाताने भरलेली असते. १०० ग्रॅमचे वजन ५० सेंटीमीटर उंच टांगले, तर त्यात सुमारे अर्धा ज्यूल स्थितिज ऊर्जा जमा होते. आधीचा टप्पा फक्त कडी काढतो.

म्हणूनच लहान सोंगटी आपल्याहून मोठीला पाडू शकते. लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये प्रत्येक सोंगटी आधीच्या दीडपट ठेवून हे दाखवले. हिशेब करून पाहा: पहिली १ सेंटीमीटरची असेल, तर तेरावी जवळजवळ १३० सेंटीमीटरची होते.

चक्रवाढीचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हे यंत्र मला चक्रवाढ व्याजाच्या गणितातून नीट समजले. एक टप्पा दहापैकी नऊ वेळा चालतो, म्हणून आपण खूश होतो. पण असे दहा टप्पे एकापुढे एक जोडले, तर ०.९ ला ०.९ ने गुणत जावे लागते. उत्तर येते सुमारे ०.३५. म्हणजे तीन वेळा सुरू केले, तर घंटा जेमतेम एकदा वाजेल. प्रत्येक टप्पा शंभरपैकी ९८ वेळा चालेल इतका पक्का केला, तर हेच उत्तर ०.८२ पर्यंत जाते. यश मिळते ते या लहान लहान सुधारणांमुळे.

दोष कोणाचा?

आता माझ्या शाळेतली गोष्ट सांगतो. आम्ही पाच जण, टप्पे दहा. प्रत्येकाने दोन-दोन टप्पे घरी बनवले. घरी सगळ्यांचे चालत होते. प्रकल्पाच्या दिवशी परीक्षकांसमोर गोटी पाचव्या टप्प्याच्या वाटीत पडलीच नाही. तो टप्पा ज्या मित्राचा होता, त्याच्यावर आम्ही चौघे तुटून पडलो. तो काही बोलला नाही.

चौथा टप्पा माझा होता. नंतर घरी मी तो पुन्हा मांडला आणि वीस वेळा गोटी सोडली. सात वेळा ती दोन बोटे डावीकडे गेली. त्याची वाटी जागच्या जागी होती, माझा उतार वाकडा होता. हे त्याला सांगायला मी आठ दिवस लावले. ते आठ दिवस मला आजही आठवतात.

आम्ही दहा टप्पे वाटून घेतले होते, त्यांच्यामधले नऊ सांधे कोणीच घेतले नव्हते. घरात, कार्यालयात, सेवाकार्यातही असेच घडते. "माझे काम मी केले" असे प्रत्येक जण खरेच म्हणतो, आणि तरीही काम अडते.

हे करून पाहा

मुलांसोबत बसणार असाल, तर एवढे सांभाळा:

१. सगळे टप्पे पहिल्या दिवसापासून एकाच टेबलावर मांडा. टेबल समपातळीत आहे का ते पाहा आणि प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखा.

२. शेवटच्या टप्प्यापासून मागे या. घंटा वाजायला किती ओढ लागते ते कळले, की आधीचे वजन ठरते. लागते त्याच्या दुप्पट ठेवा.

३. गोटीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावा.

४. प्रत्येक सांधा दोघांच्या नावावर लिहा, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही. दोघांनी मिळून तो वीस वेळा तपासावा आणि किती वेळा चुकला ते वहीत मांडावे.

५. यंत्र अडले, तर "कोणाचं चुकलं?" असे विचारू नका. "गोटी कुठपर्यंत आली होती?" असे विचारा.

आणि उतार आपलाच वाकडा निघाला, तर ते त्याच दिवशी सांगा.