हुडको, भिलाई येथील भाच्यास : आखडणाऱ्या गुडघ्याविषयी



गुडघा दुखू लागला की घरोघरी त्याचे खापर वातावर नाहीतर क्रिकेटवर फोडले जाते; परंतु पंचविशीच्या आतील मुलाचा एकच सांधा महिनोन्महिने आखडत असेल आणि रक्ततपासणीत काही सापडत नसेल, तर हाडातील सौम्य अर्बुदाचा, म्हणजे सहसा इतरत्र न पसरणाऱ्या गाठीचा, विचार व्हावयास हवा.

या गाठींत ऑस्टिऑइड ऑस्टिओमा विशेष फसवी. न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले. तिचा गाभा बहुधा दीड सेंटिमीटरहून लहान, वाटाण्याएवढा. तरीही त्यात प्रोस्टाग्लँडिन ही वेदना व दाह वाढवणारी द्रव्ये विपुल तयार होत असल्याने दुखणे रात्री झोपेतून उठवते आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनच्या गोळीने बरेचसे ओसरते. मात्र गाठ सांध्याच्या आवरणाच्या आत असली, तर ही खूणही पुसट होते, अस्तर सुजून पाणी साचते आणि चित्र हुबेहूब संधिवाताचे दिसते. हाडाच्या दांड्यात अशा गाठीभोवती हाड जाड होऊन एक्स-रेत उमटते, सांध्यात ते फारसे होत नाही. एमआरआयमध्येही भोवतालची सूजच डोळ्यांत भरते, म्हणून बारीक कापांचे सीटी स्कॅन अधिक भरवशाचे. शिवाय खुब्यातील गाठीची कळ पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हे घाईच्या तपासणीत हमखास विसरले जाते.

तेव्हा चिरंजीवाने मालीशवाल्याकडील फेऱ्या थांबवाव्यात, आणि गोळीने उतार पडतो म्हणून ती मनाने चालू ठेवू नये, कारण जठर व मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. कळ रात्री किती वाजता उठते व गोळीनंतर किती वेळात शमते, हे वहीत टिपून ती वही सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांपुढे ठेवावी आणि खुबाही तपासण्याची विनंती करावी. गरज पडल्यास रायपूरचे एम्स दूर नाही. निदान ठरल्यास घाबरण्याचे कारण नाही: सीटीच्या आधारे सुई गाभ्यात नेऊन सुमारे ९० अंश सेल्सिअस उष्णतेने तो काही मिनिटांत जाळता येतो, फक्त कूर्चा, म्हणजे सांध्यातील गुळगुळीत थर, अगदी लगत असल्यास शल्यचिकित्सक वेगळा मार्ग सुचवतील. जुन्या फिल्म व अहवाल सोबत न्यावेत, वडिलांनाही बरोबर घ्यावे.