आधी फाइल मागा, भेट नंतर

दत्तक गेलेली व्यक्ती सज्ञान झाल्यावर मुळाचा शोध घेऊ लागते, तेव्हा पुष्कळदा पहिला अर्जच फसतो. त्यात लिहिलेलं असतं, ‘मला जन्मदात्या आईला भेटायचंय.’ समोरचा अधिकारी गोपनीयतेवर बोट ठेवतो आणि विषय मिटतो. माझ्या मते माहिती आणि भेट या मागण्या वेगळ्या आहेत. एकाच अर्जात घातल्या की भेटीपायी माहितीही हातची जाते. २०२२ची दत्तक नियमावली १८ पूर्ण झालेल्याला स्वतः रूट सर्चचा अर्ज करू देते. जन्मदाते नाही म्हणाले किंवा सापडले नाहीत, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं हे त्याला सांगायला हवं, असं ती म्हणते. म्हणून अर्जात कागदांची नावं घाला: सरेंडर डीड (मूल सोपवल्याचा दस्त), बाल अध्ययन अहवाल, बालकल्याण समितीचा आदेश. पैसे घेऊन शोधून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. नियमावली तिऱ्हाइताला हा शोध करू देत नाही. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईहून परदेशी गेलेल्यांनी तर कोर्टात ‘दत्तक’ हा शब्द शोधूच नये. परदेशी दांपत्याला तेव्हा १८९०च्या कायद्याखाली मुलाचं पालकत्व मिळे. त्यामुळे विचारायचं ते गार्डियनशिप पिटिशनचा नंबर.

आईला दिलेल्या गुप्ततेच्या शब्दाचं काय, हा आक्षेप खोटा नाही. पण सरेंडर डीडवरची सही किंवा अंगठा हा एका अडचणीतल्या दिवसाचा असतो. निर्णय फिरवायला कायदाच दोन महिने देतो, म्हणजे मन बदलतं हे त्याला ठाऊक आहे. मग त्याच कागदावर तिने मुलाच्या शोधाला दिलेला नकार तीस वर्षांनीही ताजा कसा मानायचा? आयर्लंडने २०२२च्या कायद्यात यातून वाट काढली. आईने ‘संपर्क नको’ असं नोंदवलं असेल, तर मुलाला आधी तिची इच्छा समजावून सांगतात, आणि मग कागद देतात. कागद हाती आला म्हणजे दार वाजवायची मुभा मिळाली, असं तिथे कोणी समजत नाही.

जन्माच्या नातेवाइकांना मात्र आपली नियमावली असा शोधाचा हक्क देत नाही. इंग्लंडमध्ये २००५च्या अखेरीपासून त्यांना मध्यस्थ संस्थेमार्फत विचारणा करता येते. इकडे आईचं मन बदललं असेल, तर तिने मूल जिथे सोपवलं त्या संस्थेला तसं लेखी कळवून ठेवावं, आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी निरोप फाइलला लागत नाही.