छोटी शेती, चार शेळ्या आणि घराचा हिशेब

चाकण-पिंपरी पट्ट्यातील आपले कित्येक बांधव गॅरेज, वेल्डिंग किंवा मटणाचे दुकान सांभाळून खेड तालुक्यातल्या गावी एक-दीड एकर रान आणि चार-पाच शेळ्या राखून आहेत. एवढ्याशा शेतीकडून घराच्या अपेक्षा मात्र पुष्कळ असतात. धान्य हवे, मुलांना दूध हवे, हाती रोकड हवी, अडीनडीला विकायला जनावर हवे आणि बकरी ईदला बोकडही हवा. या अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. त्यांचा मेळ कसा घालावा, याचा आज विचार करू.

१) रान कशाला द्यावे? चाकण ही कांद्याची पेठ, म्हणून सगळ्या रानात कांदाच लावावा असे वाटते. भाव मिळाला तर रोकड येते; पडला तर धान्यही नाही आणि चाराही नाही. रब्बी ज्वारी धान्य आणि कडबा दोन्ही देते. एका शेळीला रोज एक किलो सुका चारा धरला तरी पाच शेळ्यांना वर्षाला सुमारे १८ क्विंटल लागतो. तेव्हा आधी चाऱ्यापुरती ज्वारी पेरावी, उरलेल्या रानात कांदा करावा. नासका, टाकाऊ कांदा जनावरांपुढे ढिगाने ओतू नये. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. गाई-म्हशींना हा धोका शेळ्यांपेक्षा जास्त.

२) किती शेळ्या ठेवाव्यात? चाकणला १९९९ साली बजाज ऑटोचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. वसाहत वाढत गेली तशी चराऊ माळराने आटली. बांधून पाळायच्या शेळीचा घासन्‌घास आपल्याला पुरवावा लागतो. म्हणून संख्या हौसेवर नव्हे, चाऱ्यावर ठरवावी. मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी उस्मानाबादी चांगली. घरात दूधही हवे असेल तर संगमनेरी पाहावी.

३) काय विकावे, काय राखावे? बोकड ही बचत आहे, व्यालेली शेळी हे भांडवल. शाळेची फी भरायला शनिवारच्या बाजारात गाभण शेळी नेणारा कारागीर आपली हत्यारेच विकतो. ईदचे गणितही आधीच मांडावे. कुरबानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण हवे आणि शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे ईदच्या सुमारे १७ महिने आधी शेळी बोकडाला दाखवावी लागते. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, हेही ध्यानात ठेवावे.

४) हिशेब वेगळा ठेवावा. दुकानाच्या गल्ल्यातून पेंड आणली की शेळ्या फायद्यात दिसतात आणि दुकान तोट्यात. दोन वह्या घालाव्यात. जकातीसाठीही हे जरुरीचे आहे. बांधून पोसलेल्या पैदाशीच्या शेळ्यांवर बहुतेक फकिहांच्या मते जकात नाही; पण विकण्यासाठी खरेदी केलेले बोकड हा व्यापारी माल, त्याच्या किमतीवर अडीच टक्के धरावे लागतात. अर्धलीने शेळ्या देताना करार उलेमांना विचारूनच करावा आणि तो लिहून ठेवावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

सगळ्या अपेक्षा एकाच वर्षी पुऱ्या होणार नाहीत. यंदा कोणती आधी आणि कोणती मागे, हे घरातल्या बायकांसह बसून पेरणीपूर्वी ठरवावे. कारण गोठ्याचे निम्मे काम त्याच करतात. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो.