वळीव, विजा आणि आपली मुले

चैत्र-वैशाखात बेळगाव परिसरात दुपार कलली की काळे ढग जमू लागतात, वारा सुटतो आणि बघता बघता वळीव कोसळतो. उकाड्याने त्रासलेल्या जिवाला तो सुखावतो. पण विजा, गारा आणि वादळी वारा त्याच्यासोबतच येतात. सुट्टीमुळे नेमकी त्याच वेळी मुले मैदानात, शेतात अथवा कैऱ्या वेचण्यासाठी आंब्याखाली असतात. बालरोगतज्ज्ञ या नात्याने या ऋतूत पालकांना मी जे वारंवार सांगतो, ते येथे मांडत आहे.

वादळाचे स्वरूप

तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगाने वर चढते व दहा किलोमीटरहून अधिक उंचीचा ढग तयार होतो. त्यातील बर्फकण व गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार विलग होतात. त्यातूनच वीज निर्माण होते. ढगातून खाली येणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि पाऊस येण्यापूर्वीच झाडे, पत्रे, फलक उडवते. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपर येथे अशाच वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. गारांचे म्हणाल, तर 30 एप्रिल 1888 रोजी मुरादाबाद भागात गारपिटीने 246 बळी घेतले. गारा वेचायला अंगणात धावणाऱ्या मुलांना म्हणूनच आवरावे लागते.

इशारा व कृती

भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यात पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’, नारिंगी ‘सज्ज राहा’ व लाल ‘कृती करा’ असे सांगतो. पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही दिला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजेची सूचना देते. तथापि मुलांना एवढेच शिकवावे : गडगडाट ऐकू आला की घरात यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार हा सुरक्षित आसरा होय. झाड, उघडी पडवी, शेतातील पत्र्याची शेड अथवा बसथांबा विजेपासून वाचवत नाही. तलावातून, विहिरीतून त्वरित बाहेर यावे. दुचाकीवरून उतरून पक्की इमारत गाठावी. घरात असताना नळाखाली स्नान टाळावे, तारेने जोडलेली उपकरणे हाताळू नयेत, खिडकीपासून दूर राहावे. वाटेत गारांनी गाठल्यास दप्तराने डोके झाकावे. डोक्याला मार लागून वांती, गुंगी वा झटके आल्यास मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

वीज अंगावर पडल्यास

वीज पडलेल्याच्या शरीरात विद्युतभार साठून राहतो, हा समज निराधार आहे. त्याला तत्काळ स्पर्श करता येतो आणि केलाच पाहिजे. काही भागांत अशा व्यक्तीला चिखलात वा शेणात पुरून ठेवतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय अनेकदा आपोआप पुन्हा सुरू होते. श्वसनकेंद्र मात्र अधिक काळ बधिर राहते. या अवधीत श्वास दिला नाही, तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणून 108 ला दूरध्वनी करवून घेऊन लगेच छातीदाब व कृत्रिम श्वास सुरू करावेत. मदतनीस एकटा असेल, तर 30 दाबांमागे 2 श्वास द्यावेत.

व्यवसायबंधूंसाठी दोन गोष्टी. एकाच वेळी अनेक जण जखमी असतील, तर निपचित पडलेल्यांकडे प्रथम वळावे. इतर आपत्तींतील क्रम येथे उलटा होतो. बाहुल्या विस्फारलेल्या व स्थिर दिसल्या, तरी केवळ त्यावरून मृत्यूचा निष्कर्ष काढू नये. पाय थंड, निळसर व लुळे पडले असल्यास ते बहुधा काही तासांत पूर्ववत होतात. शस्त्रक्रियेची घाई नको. वाचलेल्या मुलाचे हृदयालेखन करावे, कानाचे पडदे तपासावेत आणि पुढे मोतीबिंदूसाठी डोळ्यांकडेही लक्ष ठेवावे.

वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने जवळच्या एका शाळेत जाऊन तासभर हा पाठ द्यावा व शिक्षकांकडून छातीदाबाचा सराव करून घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे.