चांदीचे दागिने व तोळ्याचा पाठ

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील जुन्या पेट्यांतून अजूनही क्वचित भरीव वाळे, तोडे, दंडातील वाकी, गळ्यातील सरी असा जड ऐवज निघतो. सोने ही लक्ष्मी, ते पायात घालू नये, असा संकेत महाराष्ट्रात दृढ असल्यामुळे सधन घरांतही पायात चांदीच येई. राजपुतान्यात तर पायात सोने घालणे हा दरबाराने सरदारास द्यावयाचा मान होता. शेतकऱ्याच्या घरी मात्र मानापेक्षा वजन मोठे. दागिना ही अंगावर वागविलेली शिल्लक असे, व पीक बुडाले की ती सराफाच्या तराजूत पडे.

हा तराजू वर्गात आणण्याजोगा आहे. १८३५ पासून कंपनी सरकारच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरले. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. साहजिकच रुपया हेच घरचे वजन झाले, आणि दागिना 'चाळीस रुपये भार' असा सांगितला जाऊ लागला. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरल्यास ही जोडी सुमारे ४६६ ग्रॅम भरते. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

पुढील उदाहरण फळ्यावर घ्यावे. पोकळ तोड्यात लाख भरतात. तोडा ३० भार भरला, आतून ६ भार लाख निघाली, आणि धातू जुन्या रुपयाच्या कसाचा असला, तर शुद्ध चांदी किती? उत्तर २२ भार. तीस भारांच्या आशेने गेलेल्या घराला ही वजाबाकी आधी येत असावी, म्हणून हे उदाहरण घाईने उरकू नये.

मुलांना दागिने शाळेत आणावयास सांगू नये. कोणाच्या घरी काय आहे, हेही विचारू नये. कित्येकांचे गहाण पडलेले असते. विचारावीत ती नावे. आजीला विचारून मुले बिंदल्या, करदोटा, मासोळी, गोठ अशी नावे आणतील. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी घरांतून एकाच वस्तूला निराळे शब्द आले, तर ते जसे उच्चारले जातात तसेच वहीत उतरवून घ्यावेत व शेजारी वस्तूचे चित्र काढवावे.