अर्ज कसा लिहावा? आनंदीबाईंचे पत्र

विद्यार्थी मित्रांनो, परदेशी कॉलेजात जायचे तर मार्कांसोबत स्वतःविषयीही लिहावे लागते. अमेरिकेतील अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात ६५० शब्दांपर्यंतचा निबंध असतो. त्यासाठी भारी इंग्रजी लागते, असे आमच्या संतपूरच्या मुलांना वाटते आणि तेथेच ती माघार घेतात.

जून १८८३ मध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या. वय १८. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या अटींत आपण कमी पडू शकतो, हे त्यांनी लपविले नाही. आप्त आणि जातीचा विरोध पत्करून आल्याचे सांगितले. मग मुख्य कारण : आपल्याकडील स्त्रिया पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. स्वतःसाठी काही नको, या कामापुरते शिक्षण द्यावे, ही विनंती. हे पुस्तकी नव्हते. १४ व्या वर्षी त्यांचे स्वतःचे तान्हे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते.

कॉलेजने प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

पालकहो, मुलांचे निबंध तपासताना वडिलांची वाक्ये आम्हास लगेच ओळखू येतात! दहावीच्या मुलांनी येत्या शनिवारी एक पान लिहून आणावे : मला काय शिकायचे आहे, कोणासाठी, आणि माझे काय कच्चे आहे. मराठी, कन्नड, कोणतीही भाषा चालेल. इंग्रजी आपण नंतर वर्गात करू.